रॅम वाढविताना : क्षमता, सुसंगतता आणि खर्चाचा हिशेब

बंगळुरू : गेम अडखळू लागला किंवा चित्रफीत संपादन करताना संगणक संथ झाला, की रॅम वाढविण्याचा सल्ला हमखास मिळतो. मात्र २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने रॅमचे दर जगभर झपाट्याने चढले. त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे चुकीची खरेदी आता अधिक महागात पडते.

कर्नाटकाने २०१२ मध्ये अ‍ॅनिमेशन, दृश्य परिणाम आणि गेमिंग क्षेत्रासाठी देशातील पहिले राज्य धोरण आखले. या क्षेत्रात शिकणाऱ्या व काम करणाऱ्या बंगळुरूकरांना संगणकाच्या सुट्या भागांसाठी एस. पी. रोडची बाजारपेठ परिचित आहे.

रॅम म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा. ती अपुरी पडल्यास संगणक साठवणुकीच्या डिस्कचा आधार घेतो आणि डिस्क रॅमच्या तुलनेत फार संथ असल्याने काम रेंगाळते. रॅम मुबलक असेल, तर तिच्यात आणखी भर घालून वेग वाढत नाही. म्हणून नेहमीचे काम सुरू असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून रॅमचा वापर तपासावा. तो सातत्याने मर्यादेच्या जवळ असेल, तरच खर्च सार्थकी लागतो. वापर निम्माच असेल, तर दोष ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर किंवा डिस्कमध्ये असू शकतो.

बहुतेक गेमसाठी १६ गिगाबाइट रॅम पुरते. नव्या व मोठ्या गेमसाठी ३२ गिगाबाइट सोयीचे ठरते. ‘फोर-के’ चित्रफितींच्या संपादनासाठी ३२ गिगाबाइट, तर त्रिमितीय रचना व गुंतागुंतीच्या दृश्य परिणामांसाठी ६४ गिगाबाइट उपयुक्त ठरते.

डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही प्रकारांच्या डेस्कटॉप पट्ट्यांना २८८ पिना असतात. पण खाचेची जागा वेगळी असल्याने एक प्रकार दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. एएमडीच्या एएम-५ मदरबोर्डवर केवळ डीडीआर-५ चालते. इंटेलच्या बाराव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही प्रकार स्वीकारतात; तेथे मदरबोर्ड कोणता आहे, हे पाहावे लागते. लॅपटॉपसाठी लहान आकाराच्या पट्ट्या असतात. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये मात्र रॅम बोर्डवरच जोडलेली असते आणि ती नंतर वाढविता येत नाही.

एकाच क्षमतेच्या दोन पट्ट्यांचा संच योग्य स्लॉटमध्ये बसविल्यास दोन्ही मार्गांनी माहितीची ने-आण होते. जुन्या पट्टीसोबत वेगळ्या कंपनीची पट्टी चालू शकते. तथापि अशा वेळी दोन्ही पट्ट्या सामान्यतः संथ पट्टीच्या वेगाने चालतात.

पट्टी बसविण्यापूर्वी वीजपुरवठा तोडावा आणि धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी. डीडीआर-५ बसविल्यानंतर पहिल्यांदा संगणक सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो; त्या वेळी घाईने वीज बंद करू नये. त्यानंतर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय सुरू करावा, अन्यथा खोक्यावर छापलेला वेग मिळेलच असे नाही. विंडोजमधील मेमरी तपासणीही लगेच करून घ्यावी. पट्टीतील दोष वेळीच लक्षात आल्यास पावती व हमीच्या आधारे ती बदलून घेता येते.