आष्टीची लढाई : तैनाती फौज, हेरखाते आणि एका राज्याचा शेवट

टेंभुर्णी, प्रतिनिधी - पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी हे गाव आज ऊस, साखर कारखाने आणि उजनी धरणाच्या पाण्यासाठी ओळखले जाते. येथून मोडनिंब, शेटफळमार्गे पुढे गेल्यास मोहोळ तालुक्यातील आष्टी लागते. ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या तलावामुळे हे गाव जिल्ह्याला परिचित आहे. मात्र २० फेब्रुवारी १८१८ रोजी याच आष्टीच्या माळावर पेशव्यांचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले आणि मराठी राज्याचे छत्रपती इंग्रजांच्या ताब्यात गेले, ही गोष्ट सोलापूर जिल्ह्यातही फार थोड्यांना सांगता येते. (बीड जिल्ह्यातील आष्टी आणि १९४२ च्या लढ्यात गाजलेली वर्धा जिल्ह्यातील आष्टी ही दोन्ही गावे वेगळी. नामसाधर्म्यामुळे त्यांची गल्लत नेहमी होते.)

लढाई म्हणून पाहिले तर आष्टीचा प्रसंग अगदी लहान होता. दोन्ही बाजूंची हानी पानिपतच्या किंवा असईच्या तुलनेत नगण्य होती. तरीही लष्करी इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबावे असे बरेच काही या प्रसंगात आहे. १६८९ मध्ये रायगड पडला, छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. तरीही मराठ्यांचे युद्ध औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत चालूच राहिले. १८१८ मध्ये तसाच आघात झाला आणि अवघ्या साडेतीन महिन्यांत सारे संपले. हा फरक का पडला, याचे उत्तर रणांगणावर सापडत नाही. ते शोधण्यासाठी सोळा वर्षे मागे जावे लागते.

वसईचा तह आणि टेंभुर्णीचे माणकेश्वर

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसर येथे शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि तेथून इंग्रजांच्या आश्रयाने वसईस गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला. त्यानुसार कंपनीची किमान सहा हजार पायदळाची फौज पेशव्यांच्या संरक्षणार्थ कायम ठेवण्याचे ठरले. तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देण्यात आला. इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रातील युरोपियनांना नोकरीस न ठेवण्याचे आणि कंपनीच्या सल्ल्याविना परराज्यांशी व्यवहार न करण्याचे बंधनही पेशव्यांनी स्वीकारले. ज्या कारभाऱ्यांच्या हातून या नव्या संबंधांचा दैनंदिन व्यवहार झाला, त्यांत सदाशिव माणकेश्वर हे प्रमुख होते. टेंभुर्णी गावाचे नाव त्यांच्याशी जोडलेले असून येथील भुईकोट त्यांनीच बांधल्याचे मानले जाते.

माणकेश्वरांना किंवा बाजीरावांना केवळ भित्रे ठरवून हा विषय संपवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोयीची असली तरी न्याय्य नाही. होळकरांच्या फौजा पुण्यात असताना गादी परत मिळवण्याचा दुसरा मार्ग त्या क्षणी बाजीरावांना दिसत नव्हता. चूक झाली ती पुढे. संकट टळल्यावरही स्वतःचे सैन्य उभे करण्याचा विचार त्यांनी दहा वर्षे मनावर घेतला नाही. जी कवायती पलटण १८१२ नंतर उभी केली, तिचे सेनापतिपद कॅप्टन फोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याला दिले. दापोडीस असलेल्या या पलटणीचा पगार पेशव्यांच्या खजिन्यातून जात असे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस तोंड लागले, तेव्हा ती इंग्रजांच्या बाजूने लढली! फोर्डचे स्नेही असलेले पेशव्यांचे सरदार मोरदीक्षित त्याच दिवशी याच पलटणीच्या तोफेला बळी पडले.

शिवशाहीच्या अखेरच्या पिढीतील रामचंद्रपंत अमात्य यांनी आज्ञापत्रात टोपीकरांबाबत स्पष्ट इशारा दिला होता. ते इतर सावकारांसारखे निव्वळ सावकार नव्हेत, म्हणून त्यांना समुद्रकिनारी किंवा गडकोटांजवळ जागा देऊ नये, असा त्याचा आशय आहे. शंभर वर्षांच्या आत त्यांच्याच राज्याने राजधानीच्या वेशीवर टोपीकरांची छावणी स्वखर्चाने वसवली.

एल्फिन्स्टनचे कान

पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८११ पासून होता. फारसी जाणणारा, मराठी कागद वाचून घेणारा हा अधिकारी शस्त्रांपेक्षा बातमीवर अधिक विसंबत असे. शनिवारवाड्यातील मसलती त्याला कळत. बाळाजीपंत नातूंसारखी माणसे त्याच्या सेवेत होती. १८१७ च्या उत्तरार्धात बाजीराव फौज जमवू लागले, कंपनीच्या शिपायांना फोडण्याचा प्रयत्न करू लागले, तेव्हा त्याची खबर यशवंतराव घोरपड्यांकडून व अन्य मार्गांनी एल्फिन्स्टनपर्यंत पोहोचली होती. उलट बाजूने पेशव्यांना इंग्रजांच्या हालचालींची जी माहिती मिळे ती तुटपुंजी आणि उशिरा मिळे.

या काळातील एक घटना निर्णायक ठरली. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. बडोद्याच्या गायकवाडांचे हे वकील इंग्रजांच्या हमीवर आले होते. संशय त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. त्यांना ताब्यात घेणे, त्यांचे ठाण्याच्या तुरुंगातून पलायन आणि त्यातून वाढलेला दबाव यांची परिणती १३ जून १८१७ च्या पुणे करारात झाली. त्यान्वये मराठी राज्यमंडळाचे प्रमुखपद पेशव्यांना सोडावे लागले आणि परदरबारांतील आपले वकील परत बोलवावे लागले. वकील म्हणजे त्या काळचे परराष्ट्र खाते व हेरखाते, दोन्ही. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथे काय चालले आहे हे अधिकृतपणे कळण्याचा मार्गच त्यामुळे बंद झाला. युद्ध सुरू होण्यापूर्वी पाच महिने एका पक्षाचे डोळे असे बांधले गेले होते.

खडकी ते आष्टी

खडकीच्या लढाईत मराठी घोडदळ संख्येने कितीतरी पट अधिक होते. हल्लाही निकराचा झाला, पण मध्ये आलेल्या दलदलीत घोडी रुतली आणि जोर ओसरला. इंग्रजांची हानी मृत व जखमी मिळून ८६ होती, तर मराठ्यांची ५०० च्या घरात. बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. जनरल स्मिथची फौज येऊन मिळाल्यावर १७ नोव्हेंबर रोजी पुणे पडले.

यानंतर तीन महिने पाठलाग चालला. माहुली, पंढरपूर, जुन्नरचा मुलूख, पुन्हा पुण्याकडे, १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई, तेथून साल्पे घाटाने दक्षिणेस, कर्नाटकात घटप्रभेपर्यंत आणि पुन्हा उत्तरेस सोलापूरकडे. कागदावर हा गनिमी कावा वाटतो. वास्तविक तो गनिमी कावा नव्हता. गनिमी काव्यात पळणारा शत्रूला आपल्या सोयीच्या जागी ओढतो, त्याची रसद तोडतो, एकटी तुकडी गाठून मारतो. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात आष्टीपासून फार दूर नसलेल्या ब्रह्मपुरीस, म्हणजे माचणूरला भीमेकाठी होती. त्या वेळी संताजी-धनाजींच्या फौजांनी मोगल सरदारांना दूरदूरवर अडवून, लुटून, खंडण्या घेऊन हैराण केले. १८१८ मध्ये पेशव्यांची फौज फक्त पुढे जात राहिली. तिच्याबरोबर खजिना, बायकामुले, हत्ती, बुणगे असा पसारा होता. शिवाय वासोट्याच्या बंदीतून आणलेले तरुण छत्रपती प्रतापसिंह, त्यांच्या मातुःश्री व बंधूही होते. छत्रपती आपल्या हाती असले म्हणजे राज्याचा शिक्का आपल्या हाती राहतो, हा बाजीरावांचा हिशेब होता.

तोच हिशेब एल्फिन्स्टनने ओळखला. १० फेब्रुवारीला सातारा पडला. किल्ल्यावर छत्रपतींचे निशाण लावण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी जाहीरनामा निघाला. बाजीरावांचे राज्य संपले, छत्रपतींसाठी काही मुलूख राखला जाईल, वतने, इनामे, देवस्थानांची उत्पन्ने चालू राहतील. मात्र बाजीरावांच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांत घरी परतावे, असा त्याचा मथितार्थ होता. या कागदाने जितके काम केले तितके तोफांनी केले नाही, असे म्हणण्यास जागा आहे. त्याच वेळी इंग्रजांनी फौजेची नवी विभागणी केली. किल्ले घेण्याचे काम प्रिट्झलरकडे दिले आणि स्मिथला घोडदळ व हलक्या तोफा देऊन केवळ पाठलागावर लावले.

२० फेब्रुवारीची सकाळ

बाजीराव सोलापूरकडून पंढरपूरच्या रोखाने येत असल्याची बातमी स्मिथला वेळापूर येथे मिळाली. त्याने रात्रीतून कूच केले. करकंबच्या बाजूने येताना पेशव्यांचा तळ आष्टीस असल्याचे त्याला समजले. त्याच्यासोबत २२ व्या ड्रॅगून पथकाच्या तुकड्या, मद्रास घोडदळाच्या दुसऱ्या व सातव्या पलटणी आणि घोडतोफखाना होता. सकाळी साडेआठच्या सुमारास तो आष्टीजवळ पोहोचला, तेव्हा पेशव्यांच्या तळावर कुचाचे नगारे वाजत होते.

बाजीराव भोजनास बसले असताना शत्रू आल्याची वर्दी आली. हजारोंच्या घोडदळाचा तळ, ओळखीचा मुलूख, तरीही काही कोसांवरचा शत्रू दृष्टीस पडेपर्यंत कोणास पत्ता नव्हता. बिनीला, बगलेला टेहळणीच्या तुकड्या पसरलेल्या असत्या तर किमान काही तासांची सवड मिळाली असती. बाजीरावांनी गोखल्यांना याबद्दल बोल लावला. गोखल्यांनी पिछाडी सांभाळण्याचे आश्वासन दिले आणि ते पाळले. पेशवे घोड्यावर बसून निघून गेले.

बापू गोखले नवखे नव्हते. त्यांचे चुलते धोंडोपंत १८०० मध्ये धोंड्या वाघाशी लढताना पडले. १८०३ च्या युद्धात बापू स्वतः आर्थर वेलस्लीच्या बाजूने होते. इंग्रजी घोडदळ रांगा धरून येते तेव्हा काय होते हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणूनच त्यांनी रांगा बनण्यापूर्वीच घाव घालण्याचे ठरवले. नाला ओलांडून, तिरपे जाऊन त्यांनी सातव्या पलटणीच्या बगलेवर झडप घातली. ती क्षणभर विस्कळीत झालीही. पण मेजर डॉझने ड्रॅगूनची एक तुकडी वळवून उलट हल्ला चढवला. गोळ्यांच्या व तलवारीच्या जखमांनी गोखले कोसळले. ते पडताच फौज पांगली. स्मिथलाही डोक्यावर तलवारीचा वार लागला होता.

या गोंधळात छत्रपती प्रतापसिंह, त्यांच्या मातुःश्री व बंधू इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजी कागदपत्रे याला सुटका म्हणतात, मराठी बखरकार पाडाव म्हणतात. प्रतापसिंहांना पेशव्यांच्या बंदीपेक्षा हे बरे वाटले असावे, असे मानण्यास त्यांच्या पुढील वर्तनावरून आधार मिळतो.

फौज विरघळली

सेनापती गेला, छत्रपती गेले आणि जाहीरनाम्यातील दोन महिन्यांची मुदत चालू होती. सरंजामदार एकेक करून घरी निघाले. १६८९ नंतर राजारामांच्या दरबाराने वतने देऊन माणसे आपल्याकडे वळवली होती, कारण ती राखून देईल अशी दुसरी सत्ता त्यांना विश्वासार्ह वाटत नव्हती. १८१८ मध्ये नेमकी तीच हमी शत्रू देत होता आणि पेशवे देऊ शकत नव्हते. एप्रिलमध्ये प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवण्यात आले. मे महिन्यात मन्रोने सोलापूरचा भुईकोट घेऊन पेशव्यांच्या उरलेल्या पायदळाचा व तोफखान्याचा निकाल लावला. ३ जून १८१८ रोजी बाजीराव अशीरगडाजवळ माल्कमच्या स्वाधीन झाले. आठ लाखांच्या वार्षिक तनख्यावर त्यांची रवानगी ब्रह्मावर्तास झाली.

आष्टीच्या सकाळची आठवण १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी अनेकांना व्हायला हवी होती. हिवाळ्यात रिकाम्या ठेवलेल्या शिखरांवर शत्रू येऊन बसला आणि त्याची बातमी मेंढपाळांकडून मिळाली. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हेरखात्यांतील उणिवा व त्यांच्यातील समन्वयाचा अभाव यांवर बोट ठेवले. त्यानंतर २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था आणि जानेवारी २०२० मध्ये संरक्षण दल प्रमुख हे पद अस्तित्वात आले. दोन प्रसंगांतील फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. कारगिलमध्ये चूक उमगल्यावर ती दुरुस्त करण्यासाठी स्वतःचे सैन्य, स्वतःचा तोफखाना आणि स्वतःचा निर्णय हाताशी होता. आष्टीस तो नव्हता.

जाहीरनाम्यावर विसंबून जे घरी परतले, त्यांचे पुढे काय झाले तेही नोंदवले पाहिजे. प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस पाठवले. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. १८५२ मध्ये नेमलेल्या इनाम कमिशनने दक्षिणेतील इनामांचे दप्तर उघडले आणि पुढील पाच वर्षांत हजारो इनामे सरकारजमा केली.