मुंबईचा साग, हार्टलपूलचं पाणी

ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या गोदीत उत्तर समुद्राचा वारा कानाला झोंबतो. समोर तीन डोलकाठ्यांची ‘एचएमएस ट्रिंकोमली’ उभी आहे. आजही पाण्यावर असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये ही सर्वांत जुनी. तिकीट दाखवून तुम्ही वर चढता. खाली उतरणारे जिने दिसतात, आणि या नौकेवर प्रत्येक जिन्यासरशी काळही मागे सरकतो.

वरच्या डेकवर अजून विसाव्या शतकाची चाहूल आहे. मुलं-मुली दोर ओढायला शिकताहेत, कुणी डेक घासतंय. नौकेचं नावही वेगळं आहे, ‘फुद्रोयां’. 1897 मध्ये नौदलाने ती भंगारात विकली होती. जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने ती घेतली, तरुणांच्या प्रशिक्षणाला लावली, आणि 1986 पर्यंत ती त्या कामी आली. हा एक माणूस आडवा आला नसता, तर तुमच्या पायाखाली आज फळी नसती.

जिना उतरा. तोफांचा मजला. साल 1854. बेरिंगच्या सामुद्रधुनीजवळची थंडी फटींतून आत शिरते आहे. कॅप्टन वॉलेस ह्यूस्टन यांची ही नौका उत्तरेकडे ‘रॅटलस्नेक’ जहाजाला रसद पोचवायला निघाली आहे. तिकडे रशियाशी युद्ध पेटलंय, पण या तोफांच्या वाट्याला मोठी लढाई कधी आली नाही. आणखी एक मजला खाली गेलात की मान वाकवावी लागते. तुळया डोक्याला लागतात. एका खलाशाच्या झोळीला जेमतेम 14 इंच जागा. ओले कपडे, घाम आणि खारवलेलं मांस यांचा वास इथे महिनोन्‌महिने मुक्कामाला असतो.

आता शेवटचा जिना, थेट तळात. इथे अंधार आहे. हाताला लागणारं लाकूड चाचपा. हा साग आहे. डोळे सरावतात तसा उजेड वाढतो, थंडी जाते, अंगाला घाम सुटतो. मे 1816. तुम्ही मुंबईत आहात.

गोदीत नौकेचा कणा मांडला आहे. जहाजबांधणीचे मुख्य कारागीर जमशेटजी बोमनजी वाडिया उभे आहेत. पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला जातो. लवजी नसरवानजी 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून या घराण्यात हे काम चालत आलंय. या नौकेचा आदेश मात्र 1812 चा. तिचे आराखडे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज त्याच वर्षाअखेरीस ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने उद्ध्वस्त केलं. आराखडे पुन्हा पाठवावे लागले. (ती ‘कॉन्स्टिट्यूशन’ही बोस्टनमध्ये अजून तरंगते आहे.)

सगळीकडे भुसा उडतो आहे. ओंडक्यावर एक माणूस, खाली एक, मधे लांबलचक करवत. कुणी वाकसाने फळी तासतंय, कुणी गिरमिटाने भोक पाडतंय. साग मलबारहून समुद्रमार्गे आलेला. लंडनच्या नौदलाला हा साग का हवा आहे, ते इथे हात लावून कळतं. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागाच्या अंगचं तेल त्यांना जपतं. शिवाय युरोपातल्या लांबलेल्या युद्धांनी इंग्लंडमधल्या चांगल्या ओकची टंचाई झाली आहे.

दोन पावसाळे याच गोदीत जातात. 12 ऑक्टोबर 1817 ला नौका पाण्यावर तरंगते. त्या गर्दीत उभे राहा, पण मनात पुण्याचीही आठवण असू द्या. तीनेक आठवड्यांनी, 5 नोव्हेंबरला, खडकीला तोफा धडाडणार आहेत, आणि पेशवाईचा शेवट सुरू होणार आहे. ज्या सत्तेने ती बुडवली, तिच्याच आरमारासाठी मुंबईचे हात ही नौका घडवत होते. हे दुखतं, आणि तरीही त्या हातांच्या कौशल्याचा अभिमान वाटतो. मला दोन्ही खरं वाटतं. जमशेटजींचं नाव इतिहासात आहे. करवत ओढणाऱ्यांचं, गिरमिट फिरवणाऱ्यांचं नाही. त्यांची सही म्हणजे हे लाकूड.

1819 मध्ये नौका पोर्ट्समथला पोचली आणि पुढे पंचवीसेक वर्षं नुसती पडून राहिली. 1987 मध्ये तिला हार्टलपूलला आणलं. दहा वर्षांहून जास्त काळ डागडुजी चालली, ती 2001 मध्ये पुरी झाली. आजही तिच्या अंगात निम्म्याहून अधिक लाकूड मूळचं आहे.

वर या. उजेडात येताना एक वर्ष लक्षात ठेवा: 2001. त्याच वर्षी मुंबईत ‘आयएनएस विक्रांत’ संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. 1961 मध्ये नौदलात आलेली, 1971 च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून कॉक्स बाजार आणि चितगावावर सी हॉक विमानं पाठवणारी आपली पहिली विमानवाहू नौका. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत तिच्या डेकवर पाय ठेवला असेल. 2012 मध्ये ती लोकांसाठी बंद झाली, लिलावात गेली आणि 2014 मध्ये मुंबईतल्याच दारूखाना भागात तोडायला घेतली गेली.

ज्या शहराने घडवलेली लाकडी युद्धनौका दोनशे वर्षांनंतरही परक्या पाण्यात तरंगते, त्या शहराला आपली पोलादी नौका सांभाळता आली नाही. पोलादाला गंज चढतो, खर्च येतो, हे खरं. ‘ट्रिंकोमली’लाही खर्च आला. तो करायचं कुणीतरी ठरवलं. यापुढे एखादी युद्धनौका निवृत्त होईल, तेव्हा लिलावाची नोटीस निघण्याआधी आपण बोललं पाहिजे. भंगाराचा सौदा ठरल्यावर बोलून ‘विक्रांत’ वाचली नाही.