संविधानाच्या पेटीतलं 50 ग्रॅम पाणी

26 नोव्हेंबर जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. संविधानाची मूळ प्रत संसदेत हेलियम भरलेल्या पेटीत ठेवली आहे आणि तिथे दर घनमीटरला 50 ग्रॅम आर्द्रता राखली जाते, असं त्यात असतं. मीही एका वर्षी तो पुढे ढकलला होता. नंतर सहज हिशेब करायला बसलो आणि लाज वाटली.

20 अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. त्यावरचं सगळं पाणी होऊन काचेवर आणि कागदावर बसणार. 50 ग्रॅम मावायचं तर पेटी जवळजवळ 40 अंशांपर्यंत तापवावी लागेल आणि तरीही आत शंभर टक्के दमटपणा असेल. म्हणजे संविधानाला न्हाणीघरात ठेवल्यासारखंच की! कोणीतरी कधीतरी टक्क्यांचे ग्रॅम केले असावेत.

टक्के महत्त्वाचे, कारण कागद हवेतलं पाणी पितो आणि सोडतो. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला रान मोकळं. फार खाली गेली की कागद कडक होऊन तुटतो. पण सगळ्यात वाईट म्हणजे सततचं वर-खाली. नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांनी ही पानं रंगांनी आणि सोन्याने सजवली. कागद फुगतो, आकसतो; वरचा रंगाचा थर त्याच्याबरोबर तितका हलत नाही आणि मग त्याचे पोपडे सुटतात. त्यात ही दिल्ली. मे महिन्यात लू, जुलैत घामाच्या धारा.

24 जानेवारी 1950 रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी या प्रतींवर सह्या केल्या. पुढची कित्येक वर्षं त्या फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून, डांबरगोळ्या घालून संसदेच्या ग्रंथालयात ठेवलेल्या होत्या. हसू नका, आपल्या आजीचा शालूही असाच टिकला. पण डांबरगोळी किडे पळवते, दमटपणाचं ती काही करू शकत नाही.

आता हेलियम. तो अमेरिकेचा. 1951 मध्ये तिथल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याभोवती आणि राज्यघटनेभोवती काचेची आवरणं सीलबंद केली, आत हेलियम आणि मोजून ठेवलेली ओल. काम झालं असं सगळ्यांना वाटलं. पण 1980 च्या दशकातल्या तपासणीत दिसलं की आतल्या बाजूने काचच खराब होतेय, तिच्यावर बारीक स्फटिक आणि थेंब आहेत. शेवटी नवी आवरणं केली, टायटॅनियमच्या चौकटींची आणि आर्गॉन वायूची. 2003 मध्ये ती लोकांना पाहायला खुली झाली. नुसतं सील करून भागत नाही, हे लक्षात यायला इतकी वर्षं गेली.

आपल्या पेट्यांचं नातं कैरोशी आहे. तिथल्या संग्रहालयातल्या राजांच्या ममींसाठी अमेरिकेतली गेटी संवर्धन संस्था प्राणवायूविरहित पेट्या तयार करत होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसोबत तिने त्याच धर्तीवर संविधानासाठी दोन पेट्या केल्या, एक इंग्रजी प्रतीला, एक हिंदी प्रतीला. 1994 मध्ये त्या बसल्या. आत आहे नायट्रोजन.

गंमत इथे आहे. सिलिंडरमधला नायट्रोजन अगदी कोरडा असतो. तसाच भरला तर कागदातलं पाणी तोच ओढून घेईल. म्हणून तो आधी ओला करावा लागतो. पेटीत सिलिका जेल असतं, बुटाच्या खोक्यातल्या पुडीत असतं तेच. पण इथे ते ठरावीक ओल मुरवून ठेवलेलं असतं, त्यामुळे आतली आर्द्रता घटली की पाणी सोडतं, वाढली की घेतं. बाहेरचा दाब बदलला की काचेवर ताण येऊ नये म्हणून भात्यासारखा फुगणारा भाग जोडलेला असतो. आणि आत संवेदक: आर्द्रता, तापमान, प्राणवायू. प्राणवायूचा आकडा चढू लागला, तर कुठेतरी गळती आहे हे आधी तिथे कळतं, कागदावर नंतर. अर्थात तो आकडा वाचणारं माणूस हवं.

आणखी एक, पुणेकरांनी कॉलर ताठ करावी असं. प्रेम बिहारी नारायण रायजादांनी लिहिलेल्या इंग्रजी प्रतीचं कौतुक फार होतं. वसंत कृष्ण वैद्यांच्या हातची हिंदी प्रत मात्र पुण्यातल्या हातकागद केंद्रात बनलेल्या कागदावर आहे. मुठेकाठचा कागद आज दिल्लीत नायट्रोजनमध्ये आहे.

आमच्या गावच्या वाचनालयात काचेच्या कपाटात जुन्या पोथ्या आहेत. गेल्या श्रावणात काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून आत ठेवला. पहिल्या दिवशीचा आकडा 84. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, म्हणजे किती ग्रॅम?" आता कपाटाला दोरीने वही बांधलीये आणि बाई रोज सकाळी त्यात आकडा लिहितात. परवा 71 होता.