फुगलेले कपॅसिटर आणि रोध घटवण्याची सव्वाशे वर्षे

28 मार्च 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक घटकांच्या निर्मितीसाठी 22,919 कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. लिथियम सेल, बहुस्तरीय सर्किट बोर्ड यांच्याबरोबरीने या योजनेत रेझिस्टर आणि कपॅसिटर यांसारख्या 'निष्क्रिय' घटकांनाही स्थान मिळाले. बातम्यांचे मथळे चिपच्या वाट्याला येतात. कपॅसिटरचा उल्लेख झालाच तर शेवटच्या परिच्छेदात होतो. पण याच नगण्य भासणाऱ्या घटकाने या शतकाच्या प्रारंभी जगभरातील असंख्य संगणक बंद पाडले होते. त्या घटनेचे मूळ रोध कमी करण्याच्या एका प्रामाणिक खटाटोपात होते.

कपॅसिटर म्हणजे दोन धातूंचे पृष्ठभाग आणि त्यांच्यामधील विद्युतरोधक थर. थर जितका पातळ आणि पृष्ठभाग जितका मोठा, तितकी धारिता अधिक. पोलिश अभियंता कारोल पोल्लाक यांनी 1896 साली ज्या कपॅसिटरच्या एकस्वासाठी अर्ज केला, त्याचे मर्म या पातळपणात होते. अॅल्युमिनियमवर विद्युतप्रवाहाने चढवलेला ऑक्साइडचा थर बोरॅक्सच्या सौम्य द्रावणात टिकून राहतो, असे त्यांना आढळले होते. हा थर प्रत्येक व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर जाडीचा असतो. रासायनिक क्रियेने खडबडीत केलेल्या पत्र्यावर तो बारीकसारीक खाचांतही चढतो, त्यामुळे नखाएवढ्या डबीत मोठी धारिता मावते. मात्र या खाचांच्या तळापर्यंत दुसऱ्या बाजूने धातूचा पत्रा पोचू शकत नाही. तिथे द्रवच पोचू शकतो. म्हणून या कपॅसिटरचा खरा ऋणाग्र द्रव असतो, आणि बाहेरचा दुसरा पत्रा त्या द्रवाशी संपर्क साधण्यापुरताच. पुढची सारी गुंतागुंत या एका गोष्टीतून उद्भवली.

पोल्लाक यांच्या पद्धतीचे आरंभीचे कपॅसिटर द्रवाने भरलेल्या भांड्यांसारखे होते. 1925 मध्ये अमेरिकेत सॅम्युअल रुबेन यांनी दोन पत्र्यांच्या मध्ये द्रवात भिजवलेला कागद ठेवला आणि भांड्याची गरज संपवली. रेडिओच्या भरभराटीला या 'कोरड्या' कपॅसिटरची मोठी मदत झाली. कोरडा हा शब्द मात्र सोयीचाच होता. कागद ओलाच होता.

आता रोधाची गोष्ट. द्रव धातूइतका सुवाहक नसतो. त्याचा, कागदाचा, पत्र्यांचा आणि जोडतारांचा मिळून जो रोध होतो, तो जणू कपॅसिटरशी एकसर जोडणीत बसवलेला आहे असे गणितात मानतात. त्यालाच समतुल्य एकसर रोध, अर्थात ईएसआर म्हणतात. कपॅसिटरमधून 2 अँपिअर चढउताराचा प्रवाह जात असेल आणि ईएसआर 0.1 ओहम असेल, तर आत 0.4 वॅट उष्णता निर्माण होते. तोच रोध 0.01 ओहमवर आणला तर 0.04 वॅट. आकडा छोटा दिसतो, पण बंद डबीतल्या द्रवाला तो पुरेसा जाचक ठरतो. तापमान दर 10 अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

रेडिओच्या काळात हे खपून गेले. भारतासारख्या 50 हर्ट्झच्या देशात दिष्टकारित वीज 100 हर्ट्झने हेलकावते, आणि तिथे ईएसआर फारसा जाणवत नाही. दहा हजार ते लाखो हर्ट्झवर चालणारे स्विच मोड वीजपुरवठे आले आणि हिशेब बदलला. इतक्या जलद चढउतारांत धारितेचा अडथळा नगण्य होतो. जो उरतो तो ईएसआरच. त्यातच संगणकाचे प्रोसेसर कमी व्होल्टवर प्रचंड प्रवाह मागू लागले.

द्रवाचा रोध कमी करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे पाणी. ग्लायकॉल आणि बोरेट यांच्या मिश्रणात पाण्याचे प्रमाण वाढवले की आयन मोकळेपणाने फिरतात. 1980 च्या दशकात जपानी उत्पादकांनी हाच मार्ग धरला. पण पाणी अॅल्युमिनियमशी वैर धरते: हायड्रॉक्साइड बनते आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून अशा द्रवात गंजरोधक संयुगे घालावी लागतात, आणि त्यांचे नेमके प्रमाण हेच त्या कंपनीचे गुपित असते.

1999 ते 2007 या काळात बाजारात असे अनेक कपॅसिटर आले, ज्यांच्या द्रवात पाणी भरपूर होते पण रक्षक संयुगे अपुरी होती. यांतले बरेचसे तैवानमध्ये बनलेले होते. नवे असताना ते चाचणीत उत्तम ठरत, कारण ईएसआर खरोखरच कमी असे. पण काही वर्षांचे अपेक्षित आयुष्य काही महिन्यांत आटोपे: आत वायू साठे, डबीचे झाकण फुगे आणि तपकिरी द्रव बोर्डावर पसरे. चोरलेले सूत्र अर्धवट नकलले गेल्याची कथा त्या वेळच्या व्यापारी नियतकालिकांत गाजली. ती न्यायालयात कधी सिद्ध झाली नाही, त्यामुळे तिला कथाच मानणे रास्त. रसायनशास्त्राचा पुरावा मात्र निःसंदिग्ध होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत दुरुस्ती करणाऱ्यांना 'कपॅसिटर फुगलाय' हे निदान तोंडपाठ झाले.

द्रवच नको, हा विचार त्याआधीपासून चालू होता. 1950 च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत टँटलमच्या सच्छिद्र गोळीत मँगनीज डायऑक्साइड भरून घन कपॅसिटर तयार झाला. तो सुकत नसे, पण बिघडला तर पेट घेऊ शके, कारण मँगनीज डायऑक्साइड तापल्यावर ऑक्सिजन सोडतो. 1983 मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने टीसीएनक्यू नावाच्या सेंद्रिय क्षारावर आधारलेला कपॅसिटर आणला. त्याची वाहकता मँगनीज डायऑक्साइडच्या सुमारे दहापट होती. सोल्डरिंगची उष्णता मात्र त्याला मानवत नसे.

खरा पालट वीजवाहक बहुवारिकांनी केला. त्याची सुरुवात चुकीतून झाली. हिदेकी शिराकावा यांच्या जपानमधील प्रयोगशाळेत उत्प्रेरक चुकून हजारपट जास्त पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चकाकणारा पापुद्रा मिळाला. 1977 साली अमेरिकेत अॅलन मॅकडायर्मिड आणि अॅलन हीगर यांच्यासह त्यांनी या पॉलिअॅसिटिलीनवर आयोडीनची क्रिया केली, तेव्हा त्याची वाहकता लक्षावधी पटींनी वाढली. 2000 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. पॉलिअॅसिटिलीन हवेत टिकेना; पण त्याच्याच मार्गाने आलेली पॉलिपायरोल आणि पेडॉट ही बहुवारिके कपॅसिटरमध्ये स्थिरावली. आज कमी रोधाचे चार प्रमुख प्रकार दिसतात: पाण्याचे प्रमाण राखलेले द्रव अॅल्युमिनियम, बहुवारिकाचे अॅल्युमिनियम, बहुवारिकाचे टँटलम, आणि बहुवारिक व द्रव एकत्र असलेला संकरित प्रकार. संकरितात बहुवारिक रोध कमी ठेवते आणि द्रव ऑक्साइडमधील दोष बुजवत राहतो. म्हणून वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्याला मागणी आहे. थंडीत द्रवाचा रोध कित्येक पटींनी वाढतो, बहुवारिकाचा जवळपास तसाच राहतो. द्रव प्रकार तरीही संपलेला नाही, कारण तो स्वस्त आहे आणि अधिक व्होल्ट सहज पेलतो.

भारतात हा उद्योग नवा नाही. केरळ सरकारच्या केल्ट्रॉन समूहाचा कण्णूर जिल्ह्यातील कारखाना 1970 च्या दशकापासून अॅल्युमिनियमचे हे कपॅसिटर बनवत आला आहे. नाशिकमध्येही त्यांचे उत्पादन होते. ऑक्टोबर 2024 मध्ये कण्णूरलाच इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारित सुपरकपॅसिटरची निर्मिती सुरू झाली. हे वेगळे घराणे आहे हे ध्यानात ठेवावे, कारण बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते: सुपरकपॅसिटरमध्ये ऑक्साइडचा थरच नसतो.

भारतीय हवामानाने या प्रश्नाला वेगळी धार येते. 105 अंशांवर 2,000 तास टिकणारा कपॅसिटर वरच्या ठोकताळ्यानुसार 65 अंशांवर 32,000 तास टिकावा. विदर्भात किंवा राजस्थानात 45 अंशांच्या उन्हाळ्यात, बंद टोपीच्या एलईडी दिव्यात मात्र आतील तापमान 85 अंशांवर गेले, तर उरतात 8,000 तास, म्हणजे अखंड जळत्या दिव्याचे अकरा महिने. वेष्टनावर सहसा यापेक्षा बराच मोठा आकडा छापलेला असतो. तो डायोडचा असतो, कपॅसिटरचा नव्हे.