गाल्टनची रेष

परवा शनिवारी जेवण आटोपून लॅपटॉप उघडला आणि 'आर'मध्ये एक जुना तक्ता काढून बसलो. हिस्टडेटा पॅकेजमध्ये 'गाल्टन' या नावाने तो मिळतो. आईवडिलांची उंची आणि मुलांची उंची, एकूण ९२८ ओळी. प्लॉट केला तर मूठभरच ठिपके! म्हटलं, बाकीचे गेले कुठे? कुठेच नाही, उंच्या इंचाइंचाच्या गटांत बसवलेल्या, त्यामुळे सगळे एकमेकांच्या डोक्यावर. जिटर केल्यावर कुठे घोळका दिसला.

ही मापं फ्रान्सिस गाल्टनने १८८४च्या सुमारास बक्षिसं लावून इंग्रज कुटुंबांकडून मिळवली. २०५ जोडपी आणि त्यांची मोठी झालेली मुलं. बायकांच्या उंचीला त्याने सरळ १.०८ ने गुणलं, म्हणजे सगळे एकाच मापात. मग आईवडिलांची सरासरी काढून तिला 'मध्य-पालक' म्हटलं. (हाच गृहस्थ १८८३मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द काढणारा. ते विसरून चालत नाही.)

आता एबीलाइन. नावातच सगळं आहे: ए म्हणजे रेष उभ्या अक्षाला कुठे छेदते ते, बी म्हणजे चढ. ही पद्धत 'एस' भाषेतली, जी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली सुरू झाली. तिच्यावरून ऑकलंडमध्ये इहाका आणि जंटलमन यांनी आर केली. मी आधी एबीलाइन(०, १) काढली. आईबाप जेवढे उंच, मुलं तेवढीच, असं सांगणारी रेष. मग एलएमची. तिचा चढ आला ०.६५. गाल्टनकडे ना एलएम ना संगणक, तरी त्याला कागदावर दोन तृतीयांश मिळाले होते! म्हणजे आईबाप सरासरीपेक्षा तीन इंच उंच, तर मुलं सरासरीने दोनच इंच. १८८६च्या निबंधात त्याने याला सामान्यपणाकडे माघार म्हटलं, आणि 'रिग्रेशन' हा शब्द आपल्या गळ्यात पडला.

पुढची गंमत रॅम्सगेटजवळच्या एका छोट्या स्टेशनावरची. गाडीची वाट बघत वहीतली आकृती न्याहाळताना त्याच्या लक्षात आलं, की सारख्या संख्यांच्या जागा जोडल्या तर एकात एक लंबवर्तुळं होतात. केंब्रिजच्या डिक्सनने त्याचं गणित करून दिलं. पण मला खरा धक्का बसला तो अक्ष उलटे केल्यावर. मुलांवरून आईबाप काढले तर चढ येतो एक तृतीयांश. म्हणजे उंच मुलांचे आईबापही सरासरीकडेच झुकलेले! आता काळ काही उलटा वाहत नाही. कोणी कोणाला खाली ओढत नाहीये. दोन गोष्टींचं नातं अर्धवट असलं की हे होणारच.

हे सगळं उकरायचं कारण वेगळंच. गेल्या वर्षी ऑफिसात मी एक तक्ता केला होता. एका तिमाहीत सर्वांत जास्त बग काढलेल्या टीम्सना ट्रेनिंगला पाठवलं, पुढच्या तिमाहीत त्यांचे बग कमी झाले. मी झोकात रेष ओढली आणि ट्रेनिंगचा गुण म्हणून दाखवली. ट्रेनिंगला न गेलेल्या टीम्सशी तुलना? केलीच नव्हती. तळाच्या टीम्स नुसत्या बसून राहिल्या असत्या तरी थोड्या वर आल्याच असत्या.

सोमवारी दुरुस्तीचा मेल टाकला. उत्तर नाही. तो आलेख अजून प्रेझेंटेशनमध्ये सातव्या स्लाइडवर आहे.