जुनी मशीद, लाल देऊळ आणि भायखळ्याची शाळा

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुंबईहून फोन आला. भंडाऱ्यातून पोटापाण्यासाठी गेलेला, भायखळ्याला एका खोलीत राहणारा. म्हणाला, "सर, मुलीला शाळेत प्रवेश मिळाला. शाळा यहुद्यांची आहे, पण वर्गात जवळजवळ सगळी आपलीच मुलं आहेत. हे कसं काय?"

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक आहे. पण प्रश्न विद्यार्थ्याचा होता, म्हणून उत्तर शोधणे आले. पुढे मुंबईला गेलो तेव्हा ती शाळा पाहून आलो. भायखळ्याला मॅगन डेव्हिड नावाचे निळे, उंच मनोऱ्याचे सिनेगॉग आहे. त्याच्याच आवारात जेकब ससून यांच्या नावाची शाळा आहे. शाळा सुटली आणि स्कार्फ बांधलेल्या मुली दप्तरे सावरत सिनेगॉगच्या समोरून घरी निघाल्या. आजूबाजूच्या कुणालाच त्यात काही नवल वाटत नव्हते.

ही गोष्ट सुरू होते बगदादहून. डेव्हिड ससून यांचा जन्म तिथला, १७९२ चा. तिथल्या सत्ताधाऱ्याच्या जाचाला कंटाळून ते इराणच्या आखातामार्गे १८३० च्या दशकात मुंबईला आले. घरात आणि चिठ्ठीपत्रीत अरबी वापरणारा हा माणूस इथे मोठा व्यापारी झाला. १८६४ मध्ये त्यांनी भायखळ्याचे सिनेगॉग बांधले, त्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुण्याचे ससून हॉस्पिटल १८६७ चे. तिथे सगळ्याच धर्मांच्या लोकांना उपचार मिळत. त्यांचा मुलगा अल्बर्ट, त्याने ससून डॉक उभारला. नातू जेकब, त्याने १८८४ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ फोर्टमध्ये केनेसेथ एलियाहू सिनेगॉग बांधले. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या देणगीदारांमध्येही जेकब ससून आहेत. त्याच यादीत पारशी कावसजी जहांगीर, हिंदू वसनजी मुळजी आणि आपले सर करीमभाई इब्राहिम यांची नावे आहेत. हे शेवटचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहितो.

इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. ससून घराण्याची मोठी कमाई चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारातून आली. तो व्यापार त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात कायदेशीर होता आणि त्यात पारशी, हिंदू, मुसलमान असे सगळेच व्यापारी होते. तरी अफू ती अफूच. दवाखाना बांधला म्हणून हिशोब चुकता होत नाही. पण दात्याची कमाई तपासताना दानाची व्यवस्था कशी होती हेही पाहावे, कारण आपल्याला शिकण्यासारखे तिथे आहे.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्रातले बहुतेक ज्यू काही ससून नव्हते. ते होते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे गावांवरून पडलेली: दिवेकर, केहिमकर, राजपूरकर. त्यांच्या जुन्या धर्मपुढाऱ्याला 'काझी' म्हणत. सिनेगॉगच्या प्रमुखाला मुकादम आणि खजिनदाराला गबाई. आणि सिनेगॉगला ते म्हणत 'मशीद'.

मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग मांडवी भागात, १७९६ चे. आजही ते 'जुनी मशीद' म्हणून ओळखले जाते. जवळच्या मस्जिद स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे मानणारे पुष्कळ आहेत. ते बांधले सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी. हे कंपनी सरकारच्या फौजेतले, म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडलेले. बेने इस्रायलमध्ये चालत आलेली कथा अशी की, हे कैदी 'बनी इस्राईल' आहेत हे टिपूच्या आईच्या कानावर गेले. कुरआनात ज्यांचा उल्लेख आहे तेच हे लोक, असे म्हणून तिने त्यांच्यासाठी रदबदली केली. दिवेकरांनी नवस केला होता, सुटलो तर प्रार्थनागृह बांधीन. ऐतिहासिक पुरावा किती हा वेगळा प्रश्न. पण एका समाजाने आपल्या पहिल्या वास्तूची आठवण एका मुसलमान आईच्या दयेशी जोडून दोनशे वर्षे जपली, हे काही थोडे नाही. त्या सिनेगॉगचे नावच शआर हारहमीम, म्हणजे रहमतीचा दरवाजा.

पुण्यातले ससूनांचे सिनेगॉग लाल विटांचे, म्हणून पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ. मराठी माणसाने ज्यूंना अशी दोन्ही नावे देऊन आपलेसे केले.

भाषेचा शिक्षक म्हणून मला शब्दांकडे पाहायची सवय आहे. हिब्रूत दानाला 'त्सेदाका' म्हणतात, आपण 'सदका' म्हणतो. नवसाला ते 'नेदेर', आपण 'नज़र'. शब्द सख्खे भाऊ आहेत. 'त्सेदाका'च्या मुळाशी न्याय आहे, 'सदक्या'च्या मुळाशी सच्चेपणा. दोन्हीकडे देणारा उपकार करत नाही, देणे लागतो ते फेडतो. ज्यू पंडित मुसा बिन मैमून यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. ते कैरोत राहत आणि सुलतान सलाहुद्दीनचे वजीर काझी अल-फाज़िल यांचे हकीम होते. त्यांच्या मते सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन असे उभे करणे, की पुन्हा त्याला हात पसरावा लागू नये.

त्या पायरीवर चढायचा प्रयत्न हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी केला. १८७५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेने इस्रायल मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. समाज कारकून, सुतार आणि शिपायांचा. वर्गणी निघून निघून किती निघणार? पण शाळा बंद पडू दिली नाही. स्वतःची वर्गणी, सरकारी अनुदान आणि लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत अशी मोट बांधली. पुढे सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली आणि माझगावची ती शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कदूरी मूळचे बगदादचे, आणि त्यांची सुरुवात ससूनांच्या पेढीवर नोकरीने झालेली. बगदादी ज्यू बेने इस्रायलींना आपल्या बरोबरीचे मानायला कचरत. एकाच धर्मात बिरादरीचा असा ताठा आपल्याकडेही आहे, सांगायला नको. तरी पैसा ती भिंत ओलांडून शाळेत पोचला.

आज भारतात ज्यू उरलेत चार-पाच हजार. १९४८ च्या सुमारास एकटे बेने इस्रायलच वीस हजारांच्या घरात होते. बहुतेक इस्राईलला गेले. प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, कोकणातल्या कित्येक सिनेगॉगांत ते दहाही जमत नाहीत. पण वास्तू उभ्या आहेत. मुंबईत एव्हलिन पीटर्स यांच्या नावाचे ज्यू समाजकेंद्र चालते. म्हातारे, मुले, सण, हिब्रूचे वर्ग, सगळे तिथे होते. त्याला परदेशातल्या ज्यूंच्या 'जॉइंट' या संस्थेचा आधार आहे. फोर्टचे केनेसेथ एलियाहू २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा खुले झाले, त्याला बिगरज्यूंचाही हात लागला. आणि शाळांत मुले दुसऱ्यांची असली तरी घंटा रोज वाजते. कारण दात्यांनी फक्त पैसे दिले नाहीत, विश्वस्त नेमले, मालमत्ता लावून दिली. मूळ तसेच राहील, त्याचे उत्पन्न खर्च होईल, अशी ती सोय.

ही कल्पना आपल्याला परकी आहे का? हजरत उमर यांना खैबरची जमीन मिळाली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना हेच सुचवले होते. मूळ रोखून ठेवा, फळ वाटून द्या. यालाच आपण वक्फ म्हणतो.

आमच्या मोहल्ल्यात वक्फच्या दोन दुकानांचे भाडे आजही माझ्या लहानपणी होते तेवढेच आहे. त्या भाड्यावर एक उर्दू वाचनालय चाले. ते बंद होऊन आता बरीच वर्षे झाली. पुस्तके पेट्यांत आहेत. आम्ही जुम्म्याला चंद्याचा रुमाल फिरवतो, रमज़ानमध्ये ज़कात काढतो, देण्यात आपण कमी नाही. पण दिलेले टिकवण्याची बैठक घ्यायची म्हटली की तीन माणसेही जमत नाहीत. त्यांच्याकडे संस्था आहेत आणि माणसे उरली नाहीत. आपल्याकडे माणसे उदंड आहेत.

मागच्या जुम्म्यानंतर मी हे कमिटीतल्या एका बुजुर्गांना सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, भाडं वाढवायचं म्हणजे आपल्याच भाईबंदांशी वाकडं घ्यायचं." खरे आहे. दुकानदारांपैकी एक माझा मावसभाऊच आहे. उद्या सुरुवात त्याच्यापासूनच करायची ठरवली आहे.

विद्यार्थ्याला मी फोनवर सांगितले, "मुलीला नियमित शाळेत पाठव. आणि ज्यांनी ती शाळा बांधली त्यांची नावं तिला पाठ करायला सांग."