शेणाची वाट

मद्रासहून तांबरमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सैदापेट हे स्थानक लागते. तेथे १८६५ च्या सुमारास सरकारने प्रायोगिक शेत काढले. विलायती नांगर आणि कृत्रिम खते यांच्या योगे येथील शेती सुधारावी, हा हेतू. १८७६ मध्ये तेथेच कृषिविद्यालय सुरू झाले. पुढे ते कोइमतूरला गेले.

पण रयतेला शिकवावयाचे, की रयतेकडून शिकावयाचे? १८८९ साली आलेले रसायनज्ञ डॉ. व्होएल्कर देशभर हिंडले आणि त्यांनी १८९३ च्या अहवालात राज्यकर्त्यांना अनपेक्षित असे उत्तर दिले. येथील चांगला शेतकरी विलायती शेतकऱ्याहून उणा नाही. उणीव आहे ती साधनांची. जळण नाही म्हणून शेण चुलीत जाते आणि शेत उपाशी राहते. तेव्हा आधी जळणासाठी झाडे वाढवा.

पुढे होळकरांच्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून तीन महिन्यांत खत सिद्ध केले. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ते जगभर गेले.

तांबरमला १९३७ मध्ये मद्रास ख्रिश्चन महाविद्यालय आले. तेथील काटेरी माळावर प्राध्यापक बार्न्स यांनी वृक्ष लावले. आज तेथे वनराई आहे. झाडाने जळण दिले, तर शेण मातीला मिळते. परसात दोन शेळ्या आणि चार कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबालाही हाच हिशेब लागू पडतो: मातीतून घेतलेले मातीला परत द्यावे.